थेंबाएवढा कारखाना आणि नरहरी सावे यांचं टोल्युइन

नरहरी सावे यांच्यासमोर कुणी काही फेकलं की त्यांच्या पोटात कळ येते. कागदी कप असो, फाटकी गोणी असो, नाहीतर मिठाईच्या खोक्याची दोरी. ते वाकतात, वस्तू उचलतात, उलटसुलट करून पाहतात आणि म्हणतात, "हे अजून चालेल." उमरोळीच्या त्यांच्या घरातली एक खोली अशा अजून चालणाऱ्या वस्तूंनी भरलेली आहे. विजयाबाई तिला 'ह्यांचं म्युझियम' म्हणतात आणि पाहुणे आले की दार ओढून घेतात.

एरवी हा माणसाचा स्वभाव म्हणून खपून गेलं असतं. पण नरहरींना या स्वभावाचाच पगार मिळतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत मेहुलशेठची कंपनी औषधांचा कच्चा माल बनवते. तिथल्या रिकव्हरी प्लांटचे नरहरी इनचार्ज. औषध बनवताना टोल्युइन, मिथेनॉल अशी जी द्रावकं वापरतात, ती काम झाल्यावर गढूळ होऊन नरहरींकडे येतात. नरहरी ती उंच कॉलमवर चढवतात, तापवतात, वाफ थंड करतात आणि खाली पुन्हा नितळ माल उतरवून देतात. कंपनीचा नफा औषधात नसून सावेभाऊंच्या कॉलममध्ये आहे, असं मेहुलशेठ दर दिवाळीला सगळ्यांसमक्ष सांगतात. टाळ्या वाजल्या की ते पुढच्या माणसाकडे वळतात. नरहरींना मॅनेजर मात्र करत नाहीत.

इथेच सगळं दुखणं होतं. नरहरींचे साडू पालघरच्या एका पतसंस्थेत मॅनेजर आहेत. त्या पतसंस्थेत साडू, एक शिपाई आणि एक पंखा एवढाच कर्मचारीवर्ग; तरी लग्नात त्यांना पुढच्या सोफ्यावर बसवतात आणि 'मॅनेजरसाहेब' म्हणून आधी पाणी देतात. नरहरींच्या हाताखाली पाळ्यांमध्ये माणसं, डोक्यावर चार मजली कॉलम, पण त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसावं लागतं. निवृत्ती जवळ आली होती. इनचार्ज म्हणूनच घरी जायचं, या कल्पनेनं त्यांना जेवण जात नसे.

"मॅनेजर होऊन तुमी काय वेगलं जेवनार हाव?" विजयाबाई विचारायच्या.

"तुला नाय कळायचं."

"मला नाय कळत, बरोबर हाय. माज्या बहिनीला कळतं. ती रोज मॅनेजरचे पाय चेपते."

अशात मेहुलशेठ एका प्रदर्शनाला जाऊन आले आणि येताना एक यंत्र घेऊन आले. यंत्र म्हणजे शिवणाच्या मशिनीएवढी पेटी आणि तिच्यात बसणारी, टपाल तिकिटाएवढी एक पारदर्शक चकती. काचेच्या पट्टीवर रबरासारख्या मऊ सिलिकॉनचा थर चिकटवलेला आणि त्या थरात केसाहून बारीक नळ्या कोरलेल्या. या नळ्यांमधून थेंब थेंब रसायनं फिरवायची आणि आत प्रथिन तयार करायचं. औषधासाठी लागणारी प्रथिनं एरवी जिवंत जिवाणूंच्या पोटात बनवून घेतात. त्यांना वाढवायला मोठाली पात्रं लागतात. इथे जिवाणूच नको. शेठना यातलं किती कळलं होतं सांगता येत नाही, पण 'मोठं पात्र नको' हे वाक्य त्यांच्या काळजाला भिडलं.

यंत्राबरोबर डॉ. मेघाली आल्या. मूळच्या नाशिकच्या, याच विषयात पीएचडी केलेल्या. शेठनी त्यांना कँटीनमागची एसीची खोली दिली आणि नरहरींना केबिनमध्ये बोलावलं.

"सावेभाऊ, मला सायन्स समजत नाय, खर्चा समजते. मॅडम हुशार आहे. हुशार माणूस लई फेकते. तू तिथे इनचार्ज बस. पाहुणे येणार आहे, मोठ्या औषध कंपनीचे. त्यांना मशीन चालवून दाखवायचं. दाखवलं, त्यांनी ऑर्डर दिली, तर डिपार्टमेंट पक्का. आणि दारावर पाटी: नरहरी सावे, मॅनेजर."

नरहरींनी त्या दिवशी रिकव्हरीची किल्ली कंपनीला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे दिली आणि मागे वळूनही पाहिलं नाही. घरी जाताना बोईसरच्या एका पेंटरकडे थांबून पितळी पाटी कशी दिसेल याची चौकशी केली.

पहिल्याच दिवशी मेघालीनं त्यांना 'सावेकाका' म्हटलं. होणाऱ्या मॅनेजरला हे रुचलं नाही. पण त्यांनी ते मोठ्या मनानं पोटात घातलं आणि मुद्द्याला हात घातला.

"बॅच किती किलोची?"

"किलो नाही काका. एक थेंब. थेंबापेक्षाही कमी."

"ते सॅम्पल झालं. मी बॅच विचारतोय."

"तीच बॅच."

नरहरींनी खुर्ची ओढून घेतली. मेघालीनं शांतपणे समजावलं. जिवाणू वाढवायचे, फोडायचे आणि आतला रस काढून घ्यायचा. जिवाणू मेला तरी प्रथिनं बनवणारी त्याची यंत्रणा त्या रसात शाबूत असते. तिला काय बनवायचं याची कृती डीएनएच्या रूपात द्यायची, कच्चा माल म्हणून अमिनो आम्लं द्यायची, ताकद पुरवायची. ती निमूटपणे काम करत राहते.

"म्हणजे शेठ वारले, पण प्लांट चालू," नरहरी म्हणाले.

"साधारण तसंच."

"मग आमच्याकडे हे नवीन नाही. शेठ दुबईला असतात तेव्हा असंच चालतं."

मेघाली हसली. आपण विषय आत्मसात केला, अशी नरहरींची खात्री पटली.

मग त्यांनी खोलीला शिस्त लावायला घेतली. कंपनीचा नियम असा की प्रत्येक पाइपला ठरलेला रंग हवा आणि त्यावर प्रवाह कुठल्या दिशेनं जातो त्याचा बाण हवा. नरहरींनी रंगवालाच बोलावला. तो ब्रश आणि डबा घेऊन आला, चकतीकडे पाहत राहिला, आणि "साब, पाइप किधर है?" असं विचारून कँटीनमध्ये चहा प्यायला गेला. शेवटी पेटीवरच एक मोठा लाल बाण रंगवून घेतला. तो भिंतीकडे जातो. भिंतीपलीकडे कँटीनची मोरी आहे.

हे सगळं मेघालीनं सहन केलं. तिला तिचं काम करायचं होतं आणि ते ती करत होती. आठवड्याभरात तिनं चकतीत एक चमकणारं प्रथिन बनवून दाखवलं. ते मुळात एका जेलीफिशच्या अंगातलं. खोलीत अंधार केला, निळा दिवा लावला, आणि त्या केसाएवढ्या नळ्या हिरव्यागार पेटल्या. साफसफाई करणारी बायडी फडकं हातात धरून तशीच उभी राहिली. बायडी किनाऱ्यावरच्या मुरबे गावची, ठेकेदारामार्फत कामाला.

"हे पान्यातलं ते बुळबुळीत जनावर ना ओ ताई? आमच्या जाल्यात येतं. हात लागला तर रातभर खाज सुटते. आनि तुमी ते मुद्दाम बनवताव?"

"जनावर नाही गं. त्याच्यातला फक्त चमकणारा भाग."

"बरं हाय. खाज त्यांची त्यांनाच राहू द्या."

नरहरींनीही ते हिरवं पाहिलं. दोन क्षण त्यांनाही बरं वाटलं. मग मेघालीनं खोलीतला दिवा लावला, चकती यंत्रातून काढली आणि लाल झाकणाच्या डब्यात टाकून दिली.

"हे काय केलंत?"

"वापरून झाली ना. एकदाच वापरायची असते."

"एकदाच?"

"आत जुना रस चिकटून राहतो काका. पुढचा प्रयोग बिघडतो."

"धुवा मग!"

"केसापेक्षा बारीक नळी आहे. धुवून खात्री देता येत नाही."

नरहरी त्या दिवशी नीट जेवले नाहीत. मेघाली चकत्या टाकत गेली. त्यांच्या पोटातली कळ वाढत गेली. संध्याकाळी ती घरी गेली की ते डबा उघडत आणि चकत्या वेचून खिशात घालत. टेबलाच्या खणात हळूहळू चांगला साठा झाला. नरहरींना त्यात एक संधी दिसू लागली. प्रथिन बनवणं हे मेघालीचं काम. ते तिनं केलं. पण त्यात मॅनेजरचं कर्तृत्व काय? समजा पाहुण्यांसमोर हिरवं पेटलं, टाळ्या झाल्या, आणि मग सावेसाहेब पुढे होऊन म्हणाले, 'शेठ, ही चकती जुनीच आहे. रिकव्हर्ड.' शेठ मिठीच मारतील. पाहुण्यांना चमकणाऱ्या प्रथिनाचं कौतुक वाटेल. शेठना फुकटच्या चकतीचं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मेघाली मुंबईला गेली. नव्या चकत्यांचं पार्सल कस्टममध्ये अडकलं होतं, ते सोडवायला. जाताना तिनं शिल्लक राहिलेल्या कोऱ्या चकत्यांचं खोकं दाखवून बजावलं, "काका, एवढ्याच उरल्यात. खोक्याला हात नको."

नरहरींनी मान हलवली. मग रिकव्हरीत जाऊन त्यांनी टोल्युइनचा एक कॅन भरून आणला.

याला बेपर्वाई म्हणता येणार नाही. नरहरींच्या मते तो अतिरेकी काळजीचाच भाग होता. आयुष्यभर त्यांनी तेलकट, चिकट, जळकं असं जे जे काही धुतलं ते टोल्युइननंच. पाण्यानं कपडे धुवावेत. प्लांट टोल्युइननं धुवावा. शिवाय आणलेलं टोल्युइन ऐऱ्यागैऱ्या ड्रममधलं नव्हतं. कॉलमवरून पहिल्यांदा उतरतो तो माल त्यांनी बाजूला काढला होता, शेवटचाही सोडला होता. मधला, नितळ कट तेवढा घेतला होता. आपल्या मुलीच्या लग्नातही त्यांनी एवढं निवडून काही घेतलं नव्हतं.

बायडीला बोलावून त्यांनी खणातल्या जुन्या चकत्या दिल्या. "ह्या भिजत घाल. हलक्या हातानं खंगाळ आणि जाळीवर वाळत टाक."

बायडीनं नाक दाबून त्या खंगाळल्या. चकत्या स्वच्छ दिसू लागल्या. नरहरी खूश झाले, आणि त्या खुशीतच त्यांची नजर कोऱ्या चकत्यांच्या खोक्यावर गेली. रिकव्हरीतला एक नियम त्यांच्या हाडात भिनला होता: नवं पात्र आलं तरी पहिल्या बॅचआधी ते द्रावकानं खंगाळायचं. कारखान्यातून आलेल्या मालाला धूळ असते, ग्रीस असतं, कुणाकुणाचे हात लागलेले असतात. उद्यासारख्या दिवशी कोरं भांडं न धुता चुलीवर चढवायचं?

"ह्या पण," ते म्हणाले.

"ताईंनी हात लावू नको सांगितलाय ना?"

"ताईंना काय, मी सांगतो. इनचार्ज कोण आहे?"

"तुमीच ओ. मी कुटं काय म्हनते?"

टोल्युइनमध्ये सिलिकॉन फुगतं. पाण्यात टाकलेल्या चण्यासारखं ते द्रावक पिऊन घेतं, केसाएवढ्या नळ्या आतल्या आत मिटतात, आणि काचेवर बसवलेला थर ताणून सुटू लागतो. वाळल्यावर ते आक्रसून पुन्हा जागच्या जागी येतं आणि वरवर पाहणाऱ्याला काही झालंसं वाटत नाही. नरहरींनी वरवरच पाहिलं. सगळ्या चकत्या लखलखत होत्या. कोऱ्या खोक्यात परत ठेवल्या, जुन्या उद्या ऐनवेळी पुढे करायला खणात ठेवल्या, आणि ते शीळ घालत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मेघाली पार्सलाशिवायच परतली. ती आधी एक चाचणी घेणार होती. पण मेहुलशेठनी पाहुण्यांना हॉटेलातला नाश्ता करू न देता थेट कंपनीत आणलं, कारण ढोकळा घरचा होता. यंत्राला हार घातला गेला. नारळ फोडला गेला. पाणी यंत्रावर उडू नये म्हणून मेघाली दोन्ही हात पसरून मध्ये उभी राहिली. शेठ बोलले. शेठ बोलतात तेव्हा घड्याळही थांबून ऐकतं. मग पाहुण्यांना नारिंगी चष्मे दिले, दिवे घालवले, आणि मेघालीनं खोक्यातली चकती यंत्रात बसवली. नरहरी दाराशी उभे होते. त्यांची एक नजर चकतीवर आणि एक दारावरच्या रिकाम्या जागेवर.

निळा दिवा लागला. सगळे वाकले.

काहीच पेटलं नाही.

मेघालीनं पंप तपासला, दुसरी चकती लावली, मग तिसरी. थेंब नळीत शिरायचं सोडून काच आणि सिलिकॉनच्या फटीतून बाजूला पसरत होता. पाहुण्यांपैकी एकजण चष्मा काढून म्हणाला, "इथे कसला तरी वास येतोय का?" कंपनीच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना कसलाच वास आला नाही. त्यांच्या नाकांनी हे काम वर्षांपूर्वीच सोडून दिलं होतं. मेघालीनं मात्र चकती नाकाशी नेली, मग खोक्यातल्या बाकीच्याही एकेक हुंगून पाहिल्या.

पाहुण्यांनी ढोकळा खाल्ला, 'इंटरेस्टिंग' असं म्हटलं आणि ते गेले. 'इंटरेस्टिंग' हा शब्द माणसं जे विकत घ्यायचं नसतं त्याच्यासाठी राखून ठेवतात, हे शेठना ठाऊक होतं. गाडी फाटकाबाहेर पडताच त्यांनी त्या खोलीत वावरणाऱ्या तिघांना केबिनमध्ये घेतलं: मेघाली, नरहरी आणि बायडी.

"टोल्युइननं धुतल्या आहेत," मेघाली म्हणाली. तिनं खोकं शेठच्या टेबलावर ठेवलं. "सगळ्या. एकही उरलेली नाही."

"कोणी?"

मोठ्या कारखान्यात काही बिघडलं की त्याचं कारण वरून खाली घरंगळत येतं आणि ज्याच्या खाली कुणीच नसतं त्याच्यापाशी थांबतं. नरहरींनी असे अनेक बिघाड घरंगळताना पाहिले होते, काहींना स्वतः धक्काही दिला होता. त्यामुळे त्यांना फार विचार करावा लागला नाही.

"बायडीनं धुतल्या, शेठ," ते म्हणाले. हे खरंच होतं. खरं बोलल्याचं बळ आल्यावर पुढचं सोपं गेलं. "टेबल पुसायला सांगितलं होतं. तिनं कुठून तरी कॅन उचलला आणि चकत्याही धुवून टाकल्या. अडाणी बाई. काय बोलणार?"

बायडीनं डोळे मोठे केले. "कुटून तरी? ओ सायेब, तुमी दिला ना मला कॅन! माजा काय घरी टोलीनचा कारखाना हाय?"

"मी? मी कशाला देऊ?"

"देवाची शपत घेताव?"

"शेठ, बघा. चोर तो चोर..."

"बस," शेठ म्हणाले. ते बायडीकडे पाहत होते. निर्णय झाला होता. ठेकेदाराला एक फोन, आणि उद्यापासून दुसरी बाई. पितळी पाटीवर ओरखडाही आला नव्हता. शेठनी फोन उचलला आणि नंबर लावता लावता, सवयीनं, चिडून पुटपुटले, "टोल्युइन तर आपण रोज वापरते. त्यानी माल खराब कसा होते? टोल्युइनच घाण असणार. हल्ली रिकव्हरीचा माल पण काय धड येते? नुसता गाळ."

नरहरींच्या कानशिलाची शीर उडाली.

"गाळ?"

"गाळ नाय तर काय? चांगल्या टोल्युइननी असं..."

"शेठ, माझ्या कॉलमवरून आजपर्यंत गाळ उतरलेला नाही!" नरहरी उठून उभे राहिले. "ते टोल्युइन मधल्या कटाचं होतं. पहिला कट मी स्वतः बाजूला काढला. शेवटचा सोडून दिला. आरशासारखं होतं! मी माझ्या हातानं कॅन भरला आणि माझ्या हातानं..."

ते थांबले. पण वाक्य आता त्यांच्याशिवायही पुरं होत होतं.

"बगा," बायडी म्हणाली. "आलं ना भायेर?"

मेघालीनं मान खाली घातली, हसू लपवायला की राग, ते कळलं नाही. शेठनी फोन ठेवला. त्यांनी नरहरींकडे पाहिलं. त्या नजरेत राग कमी आणि व्यापाऱ्याची निराशा जास्त होती.

"सावेभाऊ, चकती गेली, पाहुणे गेले, ते मी समजून घेते. खोटं बोलला, ते पण ठीक. मॅनेजरला बोलावं लागते. पण खोटं अर्ध्यात सोडायचं नसते. मॅनेजरचं काम काय? शेवटपर्यंत बोलायचं. तुझ्याकडून ते होणार नाय." मग त्यांनी बायडीकडे हात हलवला. "जा, तू काम कर."

"माफी कोन मागनार?" बायडीनं विचारलं. कुणी मागितली नाही. तिनं जाताना दार मोठ्यानं ओढलं.

त्यानंतर पार्सल आलं, मेघालीनं पाहुण्यांना पुन्हा बोलावलं, आणि नळ्या हिरव्या पेटल्या. पाहुण्यांना वेगवेगळ्या प्रथिनांचे शेकडो नमुने झटपट बनवून तपासायचे होते. त्यांनी ऑर्डर दिली. दारावर मेघालीच्या नावाची पाटी लागली, मॅनेजर म्हणून. नरहरी रिकव्हरीत परत गेले, ठेकेदाराच्या हाताखाली. इनचार्ज हा शब्द त्यांच्याकडे राहिला; किल्ली राहिली नाही.

माणसानं या घटनेनंतर खचावं, पश्चात्ताप करावा, निदान बायडीसमोर नजर चुकवावी. नरहरींना वेगळीच चिंता पोखरत होती. गाळ हा शब्द त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. त्यांनी त्या कॅनमधलं उरलेलं टोल्युइन बाटलीत भरलं आणि कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासायला दिलं. रिपोर्ट आला: उत्तम, भेसळ नाही, पाणी नाही, गाळ तर नाहीच. तो रिपोर्ट घेऊन ते मेघालीच्या दारात उभे राहिले. पाटीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"मॅडम, एक शास्त्रीय शंका आहे."

"बोला काका."

"टोल्युइनमध्ये घाण असती, पाणी असतं, तर चकत्या एवढ्या फुगल्या असत्या का?"

मेघालीनं विचार केला. "कदाचित थोड्या कमी फुगल्या असत्या. शुद्ध टोल्युइनमध्ये सिलिकॉन जास्त फुगतं."

"म्हणजे शुद्ध होतं म्हणूनच पुरतं वाटोळं झालं?"

"असं म्हणता येईल."

नरहरींनी खिशातून पेन काढलं, झाकण उघडलं आणि रिपोर्ट तिच्यापुढे सरकवला.

"हे एवढं खाली शेठसाठी लिहून द्याल का?"